थांबलेला अध्याय

किर्गिझस्तानात, तालास नदीच्या खोऱ्यात, वायडेनटाल या गावी, सन एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या मार्च महिन्यात, डोंगरावरचे बर्फ वितळू लागून पाटांत पहिले पाणी सुटण्याच्या आधीच्या दिवसांत, कॉर्नेलियुस एप याच्या घरचे सकाळचे शास्त्रवाचन एका अध्यायापाशी थांबले आणि पुढे सरकेना.

आमच्या या जर्मन वंशाच्या ख्रिस्ती लोकांच्या गावात शास्त्र, म्हणजे बायबल, क्रमाने वाचतात. न्याहारीपूर्वी सगळे मेजाभोवती बसले की घरचा कर्ता पुरुष एक अध्याय वाचतो. मग सगळे डोळे मिटून गप्प राहतात, आणि ज्याला त्यातल्या एखाद्या शब्दाने धरले असेल तो तेवढ्याचीच प्रार्थना करतो, मोठ्याने किंवा मनात. इतके पुष्कळ ख्रिस्ती घरांत होत असेल. आमचे वेगळेपण यापुढे आहे. प्रार्थना संपल्यावर वाचणारा विचारतो, ‘पुढे जायचं?’ आणि मेजाभोवतीच्या एकाने जरी ‘मी अजून इथेच आहे’ असे म्हटले, तरी दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा वाचायचा. म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. हा रिवाज आमच्या आजे-पणज्यांनी व्होल्गाकाठाहून येताना आणला की इथेच घातला, यावर आमच्यात वाद आहे आणि तो मिटेलसे दिसत नाही. पण कारण न विचारण्याबद्दल कोणाचाच वाद नाही. देव एखाद्याशी बोलत असताना तिसऱ्याने मध्ये तोंड घालू नये, एवढे त्यातले तत्त्व कोणालाही पटण्यासारखे आहे. त्यातला धोका मात्र एपांच्या घरची हकिगत घडेपर्यंत आमच्या लक्षात आला नव्हता.

कॉर्नेलियुस पन्नाशीला टेकलेला, उंच, नीटनेटका माणूस. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वडीलमंडळात तो बसे आणि पाळीपाळीने उपदेशही करी. डोक्यावर टोपी नसलेला कॉर्नेलियुस प्रार्थनागृहाबाहेर आणि स्वतःच्या घराबाहेर कोणी पाहिला नव्हता. त्याचे वाचन ऐकण्यासारखे असे, याबद्दलही दुमत नव्हते. नावे स्पष्ट, विराम जागच्या जागी, आणि शास्त्रातला माणूस जिथे रडतो तिथे आवाज किंचित उतरलेला. बापाने मरताना पुस्तक त्याच्या हाती दिले, तेव्हापासून खिडकीसमोरची खुर्ची त्याची झाली. त्या खुर्चीवरून त्याने सगळे शास्त्र अनेकदा वाचून काढले, आणि त्या साऱ्या काळात ‘मी अजून इथेच आहे’ हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. ते कोणाला खटकले नाही. वाचणाऱ्याने थांबू नये असा नियम नव्हता, पण समज तसा होता. गाडी हाकणाऱ्याने वाटेत उतरू नये, तसे काहीसे.

थांबलेला अध्याय होता दुष्काळात धान्य आणायला मिसर देशी गेलेल्या दहा भावांचा. ज्या धाकट्या भावाला त्यांनी पूर्वी खड्ड्यात टाकले आणि मग परक्यांना विकले, तोच तिथे धान्याचा अधिकारी होऊन बसला आहे. तो त्यांना ओळखतो, त्यांना मात्र तो ओळखू येत नाही. संकटात सापडल्यावर ते त्याच्याच समोर, त्याला आपली भाषा कळत नाही असे समजून, एकमेकांना म्हणतात की हे आपल्या भावापायी आपल्यावर आले. तो काकुळतीला येऊन विनवत होता आणि आपण ऐकले नाही.

कॉर्नेलियुसने पहिल्या दिवशी वाचून संपवले आणि विचारले, ‘पुढे जायचं?’ त्याची बायको त्रूडा लापशीचे भांडे उचलायला वळलीसुद्धा. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, “मी अजून इथेच आहे.”

आई म्हणजे सारा एप. सगळे गाव तिला सारा ओमा, म्हणजे सारा आजी, म्हणते. वय झालेले, गुडघे गेलेले, डोळे अंधुक, पण पाठ ताठ. ती हे म्हणाली तेव्हा तिची नजर पुस्तकाकडे नव्हती, खिडकीबाहेर होती. खिडकीबाहेर एपांची बाग, बागेच्या टोकाला पाट, पाटावरची पाणी अडवायची फळी, आणि पलीकडे सागीनबाय या किर्गिझ शेजाऱ्याच्या नव्या घराची भिंत दिसे. कॉर्नेलियुसने तिच्या नजरेमागे नजर नेली, ती भिंतीवर पोचली, आणि त्याने पुस्तक मिटले.

त्या भिंतीची गोष्ट आधी सांगायला हवी.

आदल्या उन्हाळ्यात एके दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी दुपारपर्यंत एपांची आणि दुपारनंतर शेजारच्या डीट्रिख हार्डरची होती. एपांच्या बटाट्याच्या शेवटच्या सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या आणि पाळी संपत आली होती. पाणी जोराने यावे म्हणून कॉर्नेलियुस फळी आणखी वर ओढायला गेला. फळी खाली, वाकावे तर टोपीची कड खांबाला लागे. म्हणून त्याने टोपी काढून खांबाच्या खिळ्याला अडकवली. फळी वर झाली, सऱ्यांत पाणी आले, आणि त्याच क्षणी त्याला आठवले की संध्याकाळच्या सभेत उपदेश त्याचा आहे आणि उपदेशाचा शेवट अजून जुळलेला नाही. तो घरात गेला, गुडघे टेकले, पुस्तक उघडले, आणि वचनात इतका बुडाला की फळी आणि टोपी दोन्ही विसरला. पाणी सऱ्या भरून पाटाच्या कडेवरून पलीकडच्या उतारावर गेले. तिथे सागीनबायने मुलाच्या लग्नापूर्वी घर उभे करायचे म्हणून थापलेल्या कच्च्या विटा उन्हात वाळत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या विटांचा पुन्हा चिखल झाला.

सभेला निघताना कॉर्नेलियुसला टोपी आठवली. ती त्याच्याच फाटकाला अडकवलेली सापडली. ती त्याने डोक्यावर घातली, आणि मगच त्याला पाटापलीकडची गर्दी दिसली.

सागीनबाय आमच्या मंडळीतला नव्हे; त्याने तक्रारही केली नाही, नुसता चिखलाकडे पाहत उभा राहिला. पण आपल्या माणसाच्या हातून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर मंडळीने ते भरून दिले पाहिजे, असे वडीलमंडळाने ठरवले आणि ते योग्यच होते. ठरवायचे एवढेच उरले की हात कोणाचा. वेळ हार्डरच्या पाळीची होती. हार्डर म्हणाला, मी आलो तेव्हा फळी उघडीच होती, मी ती खाली पाडून पाणी बंद केले. पण हार्डरचा लौकिक विश्वास बसण्यासारखा नव्हता. कापणीच्या दिवसांत तो गवताच्या गंजीवर झोपलेला सापडे, आणि त्याची गाय त्याच्यापेक्षा आमच्याच बागांत जास्त चरे. मग सारा ओमाने सांगितले की तिने खिडकीतून फळीपाशी वाकलेला माणूस पाहिला, आणि तो डीट्रिख हार्डर होता. तिच्या शब्दावर कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. हार्डरने सगळ्या विटा पुन्हा पाडून द्याव्यात, आणि अपराध कबूल करीपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या विधीला, बसू नये, असा निर्णय झाला. निर्णय देणाऱ्यांच्या बाकावर कॉर्नेलियुस बसलेला होता.

हार्डरने विटा पाडल्या. उरलेला उन्हाळा तो पाटापलीकडे चिखल तुडवत आणि साचा उलटत राहिला. अपराध मात्र त्याने कबूल केला नाही. म्हणून पानगळीतल्या प्रभुभोजनाला तो मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसला आणि भाकर त्याला ओलांडून पुढे गेली.

कॉर्नेलियुस गप्प का राहिला? त्याने पुढे मंडळीपुढे जे सांगितले, आणि त्रूडाने माझ्या बायकोला जे सांगितले, त्यावरून मी हे लिहितो. त्याची पक्की समजूत अशी झाली होती की आईने त्यालाच पाहिले, टोपी तिनेच उचलून फाटकाला अडकवली, आणि त्याला वाचवायला तिने जाणूनबुजून हार्डरचे नाव घेतले. तेव्हा आता तोंड उघडले तर आपली पापातून सुटका होईल, पण म्हातारी आई भर मंडळीत खोटी साक्षीदार ठरेल. आईची अब्रू राखण्यासाठी मुलाने पाप पोटात ठेवले, असे त्याने स्वतःला समजावले. हा युक्तिवाद निर्दोष दिसतो, आणि माझ्या मते त्यातला दोष तोच आहे. ज्या युक्तिवादाच्या शेवटी युक्तिवाद करणाऱ्याची कातडी वाचते, तो फार वेळा तपासून पाहावा. कॉर्नेलियुसने तो तपासला नाही. तो दररोज सकाळी पुस्तक उघडी, समोर भिंत दिसे, आणि तो अधिक सुंदर वाचत जाई.

असा तो मिसरातल्या भावांपाशी आला, आणि आई थांबली.

पहिल्या सकाळी त्याला धसका बसला. नंतर त्याला खात्री वाटू लागली की आई त्याच्याकडे काही मागते आहे. तोंडाने मागत नाही, कारण विचारायचे नसते. म्हणून ती शास्त्राच्या तोंडून मागते. दररोज तो तोच अध्याय वाची, दररोज भाऊ त्याच अधिकाऱ्यापुढे उभे राहत, आणि दररोज सारा ओमा भिंतीकडे पाहून म्हणे, ‘मी अजून इथेच आहे.’ त्याने भरभर वाचून पाहिले. एकदा त्याने आरंभीचा भाग गाळून भाऊ परत निघाल्यापासूनच सुरुवात केली, तेव्हा त्रूडा म्हणाली, “अहो, ते गेले तरी कधी, परत यायला?” आणि त्याला पान मागे उलटावे लागले. दुसऱ्या एका सकाळी तिने भांड्यातली साय बाजूला सारत सांगून टाकले, “भाऊ मिसराला इतक्यांदा जाऊन आले, पण मला मात्र या घरात एकदाही गरम लापशी मिळाली नाही.”

गावातही ते पसरले, कारण रविवारी उपासनेनंतर कोणाचे वाचन कुठवर आले हे लोक एकमेकांना विचारतातच. दुकानाच्या पायरीवर कोणीतरी कॉर्नेलियुसला विचारले की एपांचे भाऊ अजून तिकडेच का. दुसरा म्हणाला, धान्य स्वस्त असेल, म्हणून परतत नसतील. कॉर्नेलियुस हसला नाही. घरी येऊन त्याने आईपुढे वेगळ्या वाटेने विषय काढला. शेजारची घरे फार पुढे गेली, असे तो म्हणाला.

“जाऊ देत,” सारा ओमा म्हणाली. “देवाने वचन दिलेल्या कनान देशात गाठ पडेल.”

याच दिवसांत हार्डर कुटुंबाचे जर्मनीला जाण्याचे कागद आले. सोव्हिएत संघ मोडल्यापासून प्रत्येक महिन्याला गावातले एखादे घर पूर्वजांच्या त्या देशाला निघून रिकामे होत होते, म्हणून त्यात नवल नव्हते. निघणाऱ्या माणसाने घरोघरी जाऊन क्षमा मागायची आणि द्यायची, असा आमचा रिवाज आहे. येणारा म्हणतो, माझ्याकडून काही दुखावले असेल तर क्षमा करा. घरचा माणूस म्हणतो, देव करो, आम्हीही केली. आणि तुम्ही आमची करा. मग येणारा म्हणतो, केली. पुष्कळदा हे उंबऱ्यावर उभ्याउभ्या, दुसऱ्याच गोष्टी बोलता बोलता उरकले जाते.

हार्डर एका गुरुवारी सगळी घरे आटोपून शेवटी एपांकडे आला. नेहमीप्रमाणे डोके उघडे. तो आत येईना.

“कॉर्नेलियुस बंधू, आम्ही परवा निघतो. इतकी वर्षं शेजारी काढली. माझ्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा करा.”

“देव करो. आम्हीही केली,” कॉर्नेलियुस म्हणाला. अध्याय वाचावा तसे स्वच्छ म्हणाला.

पुढचा अर्धा भाग, ‘आणि तुम्ही आमची करा’, त्याने म्हटला नाही. तो म्हटला तर हार्डर ‘केली’ म्हणणार, आणि कशाची हे ठाऊक नसताना म्हणणार. आणि तशी चोरलेली क्षमा घेण्याइतका तो निर्ढावलेला नव्हता. त्याने विचारले की गाडी कोणत्या खिंडीने जाणार, आणि तिकडे अजून बर्फ आहे का. हार्डरने उत्तर दिले. मग तो कडीला हात लावून जरा वेळ तसाच उभा राहिला, मेजामागे बसलेल्या सारा ओमाकडे त्याने एकदा पाहिले, आणि तो गेला. सारा ओमा दोन्हींतला एकही भाग बोलली नव्हती. ती सुरकुतलेला बटाटा हातात धरून बसली होती आणि सोलत नव्हती.

कॉर्नेलियुसने त्या दिवशी काय सोसले ते त्याने सांगितले नाही, आणि मी कल्पनेने भरणार नाही. एवढेच माहीत आहे की आपण ज्याचा अपराध केला त्यालाच आपण क्षमा केली, हे त्याच्या डोक्यातून हलेना. आणि ती क्षमा करताना आवाज अडखळला नाही, याची त्याला सर्वांत जास्त भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी त्याने तोच अध्याय वाचला. भाऊ एकमेकांना म्हणाले ते त्याने वाचले. प्रार्थना झाली. त्याने विचारले, ‘पुढे जायचं?’

“मी अजून इथेच आहे.”

कॉर्नेलियुसने पुस्तक मिटले आणि गावातल्या कोणीच मोडला नव्हता असा नियम मोडला.

“आई, बास कर. तुला माझ्याकडून जे हवंय ते सरळ माग.”

“तुझ्याकडून?”

“रोज मला त्या भिंतीसमोर बसवतेस. मी सांगणारच होतो. तुझ्यामुळे थांबलो. तू मला फळीपाशी पाहिलंस, टोपी आणून फाटकाला लावलीस, आणि माझ्यासाठी डीट्रिखचं नाव घेतलंस. मग आता मलाच हे का?”

सारा ओमाने मान वळवली.

“कोणती टोपी?” तिने विचारले.

मग हळूहळू सगळे उलगडत गेले. तिने त्याला पाहिलेच नव्हते. फळीपाशी वाकलेले एक उघडे डोके तिला दिसले होते. कॉर्नेलियुस कधी उघड्या डोक्याने फिरत नाही आणि हार्डर कधी टोपी घालत नाही. वेळही हार्डरची पाळी सुरू व्हायच्या सुमाराची होती. तेव्हा तिने डोक्याला नाव जोडले. टोपीला तिने हात लावलेला नव्हता.

“मी तोंड पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “मंडळीत मात्र तोंड पाहिल्यासारखी बोलले. डीट्रिख म्हणाला, ओमा, नीट आठवा. आणि मी म्हटलं, मला आठवतंय. मग उन्हाळाभर तो इथे समोर चिखल तुडवत होता. मी बघायची आणि मला वाटायचं, नसलाच तो तर? पण मग कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. तुझं वाचन इथवर आलं आणि मला पुढे जाता येईना. तो विनवत होता आणि मी ऐकलं नाही, हे माझं आहे, कॉर्नेलियुस. मला वाटलं, हे मी एकटीनेच केलं.” ती थांबली. “म्हणजे तो तू होतास.”

कॉर्नेलियुस म्हणाला, हो.

आईने आपल्यासाठी खोटे बोलून पाप केले असे तो इतके महिने समजत आला होता, आणि त्या पापाच्या सावलीत थोडा निवांत बसलाही होता. आईने तसे काही केलेच नव्हते. जी सावली होती ती त्याचीच होती, आणि तिच्यात त्याने आईला बसवले होते.

त्रूडाने भांडे चुलीवरून उतरवले. “लापशी कोणी खाणार असेल तर सांगा,” ती म्हणाली, “नाहीतर कोंबड्यांना घालते.” मग तिने सासूचे नमद्याचे, जाड लोकरीचे, बूट आणून तिच्या पायांपुढे ठेवले आणि खाली बसून ते स्वतः तिच्या पायांत चढवले.

हार्डरच्या अंगणात मालमोटार उभी होती. सागीनबाय वर चढून गाठोड्यांवरून दोर ओढत होता आणि हार्डर खालून पकडत होता. विटांच्या दिवसांपासून त्या दोघांचे बरे जमले होते. तिथवर चालत आलेल्या सारा ओमाचा एक हात त्रूडाने आणि दुसरा कॉर्नेलियुसने धरला होता. अंगणात आल्यावर कॉर्नेलियुसने तिचा हात सोडला, टोपी काढली, आणि फळी आपण उघडी ठेवली होती, हे सगळ्यांदेखत सांगितले. सांगताना तो पहिल्यांदाच अडखळला.

हार्डरच्या बायकोने हातातली टोपली खाली ठेवली. “काल क्षमा केलीत ना आम्हाला?” ती म्हणाली. “आज काय, परत घ्यायला आलात?”

“राहू दे,” हार्डर म्हणाला. त्याने दोराची गाठ पुरी मारली आणि मग कॉर्नेलियुसकडे वळला. “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू. मी फळी पाडायला आलो तेव्हा खांबावर तुझी टोपी होती. मीच ती तुझ्या फाटकाला लावून आलो. म्हटलं, बघेल आणि समजेल.”

कॉर्नेलियुसने विचारले की मग वडीलमंडळापुढे टोपीचे का सांगितले नाही.

“सांगितलं असतं तर तू सापडला असतास,” हार्डर म्हणाला. “तू स्वतःहून बोलला नसतास. तू समोरच बाकावर बसलेला. मला वाटलं, आता उठेल. मग वाटलं, विटा पाडताना बघेल आणि उद्या येईल. पहिले दिवस फार राग होता. नंतर राग गेला असं नाही, पण मातीत हात घालून कितीसा धरून ठेवणार? काल मी तुझ्याकडे सगळ्यांत शेवटी आलो, ते उगाच नव्हतं. कडीला हात लावून उभा होतो. तू खिंडीतलं बर्फ विचारलंस.”

सारा ओमा पुढे झाली. ती म्हणाली की तिने तोंड पाहिले नव्हते, आणि पाहिले असे सांगितले. हार्डरने तिचा हात हातांत घेतला. तिचे डोळे अंधुक आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होते, वडीलमंडळाने तिला विचारायलाच नको होते, असे तो म्हणाला. हा ठपका वडीलमंडळावर रास्तच आहे, आणि मी त्या मंडळात होतो.

क्षमा केली का, हे कॉर्नेलियुसला विचारवेना. ते हार्डरनेच काढले. “केली,” तो म्हणाला, “कालच करायची होती, तू मागितली नाहीस. पण रविवारी तू हे बाकांपुढे उभं राहून सांगायचंस. ऐकायला मी नसेन. तरी सांगायचंस.”

“मी ऐकेन,” सारा ओमा म्हणाली. “आणि तुला कळवीन.”

सागीनबाय मालावरून खाली उतरला. आमच्या भाषेतले त्याला बरेचसे कळते. त्याने एवढेच सांगितले की तुमच्यात जे काय ठरेल ते ठरवा, फक्त पापाच्या विटा म्हणून भिंत पाडून पुन्हा बांधून देऊ नका. सून राहायला आली आहे आणि तिला धुळीने खोकला होतो. हार्डर हसला. त्या अंगणात दुसरे कोणी हसले नाही.

शनिवारी हार्डरची गाडी गेली. रविवारी कॉर्नेलियुस मंडळीपुढे उभा राहिला. त्याने काही गाळले नाही आणि काही सजवले नाही. सारा ओमाही उठली आणि आपले बोलली. वडीलमंडळाने कॉर्नेलियुसला बाकावरून उतरवले, उपदेश करण्याची आणि प्रभुभोजनाला बसण्याची मनाई केली, आणि हार्डरला मंडळीच्या वतीने चूक कबूल करणारा निरोप पाठवायचे ठरवले. हे सर्व ऐकून कॉर्नेलियुस ताठ मानेने घरी आला. त्याला हलके वाटत होते, असे त्याने नंतर मला सांगितले, आणि तसे वाटल्याची त्याला लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी आईने भिंतीकडे पाहिले नाही. ती पुस्तकाकडे पाहत होती. कॉर्नेलियुसने सवयीने तोच अध्याय उघडला; तो आता शेवटचा वाचायचा आणि मग पुढे जायचे, असे घरात न बोलता ठरले होते. तो वाचत गेला. भाऊ आपसांत बोलले. मग ती ओळ आली. समोरच्या अधिकाऱ्याला त्यांचे सगळे कळत होते हे त्यांना माहीत नव्हते, आणि तो त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडला. ही ओळ कॉर्नेलियुसने मागच्या सगळ्या सकाळी वाचली होती, तिथे आवाज किंचित उतरवला होता, आणि ती ऐकली नव्हती. ज्याला सगळे कळत होते तो उन्हाळाभर खिडकीसमोर विटा पाडत होता, आणि वाचणारा खिडकीकडे तोंड करून वाचत होता.

त्याने उरलेला अध्याय कसाबसा संपवला. सगळ्यांनी डोळे मिटले. मग विचारायची वेळ आली आणि तो विचारेना. त्रूडाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले.

“मी अजून इथेच आहे,” कॉर्नेलियुस म्हणाला.

सारा ओमाने मेजावरून हात लांब केला, त्याच्यापुढचे पुस्तक आपल्याकडे ओढले, आणि ते सुनेच्या पुढ्यात ठेवले.

“मग उद्याही हाच,” ती म्हणाली. “आणि वाचेल त्रूडा.”